बंद गटावरचा फोन

दारव्हा रोडवरच्या कापसाच्या जुन्या जिनिंगच्या इमारतीत 'शेतसाद'चं ऑफिस होतं. खाली रुईचं गोदाम, वर फोन घेणाऱ्या मुलींचा हॉल आणि हॉलच्या टोकाला, काचेच्या दाराआड, सर्व्हरची खोली. काय फवारायचं, अंगावर उडालं तर काय करायचं, हे विचारायला जिल्हाभरातून फोन यायचे. त्या साली बोंडअळीनं कपाशी पोखरली होती आणि फवारणीनं माणसं पडत होती. मुलींना पाणी प्यायला सवड नव्हती.

सर्व्हरची खोली दीपाकडे होती. राळेगावकडची, तिशीतली, कामाला चोख. दुरुस्तीसाठी वीज जाणार असली की सगळं बंद करायचं काम तिचं. प्रत्येक तालुक्याच्या सर्व्हरचा एक गट. गटावर बटण दाबलं की आधी आभासी सर्व्हर बंद व्हायचे, म्हणजे लोखंडी यंत्रांच्या पोटात चालणारे, हाताला न लागणारे. मग ती यंत्रं. चालू करताना याच्या उलट. "आधी बिऱ्हाडकरू बाहेर काढायचे, मग घराला कुलूप लावायचं," असं ती मुलींना समजावून सांगे.

एके दिवशी दुपारी वीज जाणार होती आणि मुली डबा खायला खाली गेल्या होत्या. दीपानं एकेक गट बंद केला. दारव्हा शेवटचा. पडद्यावरची नावं करडी झाली, यंत्रांचे पंखे थांबले, तिनं बॅटरीचा खटकाही पाडला. खोलीत इतकं सामसूम झालं, की खालच्या गोदामातला वजनकाट्याचा आवाज वर आला.

हॉलमध्ये कुणीतरी बोलत होतं.

एका टेबलावरच्या हेडफोनमधून आवाज येत होता. कुणाचा मोबाइल असेल म्हणून तिनं आजूबाजूला पाहिलं. मग हेडफोन कानाला लावला.

"हॅलो, बाई, बोला ना व! धरमसिंग फवारून आले, डोळ्यानं दिसून नाही राह्यलं म्हणते. तोंडातून लाय गयून राह्यली. मी लालीबाई, चिंचबर्डी तांड्यावरून..."

"ताई, त्यांचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा, मी गाडी पाठवते," दीपा म्हणाली.

"हॅलो? हॅलो?" मग बाई दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाली, "भितीवरचाच नंबर लावला ना मी. लागला, पण कोनी बोलून नाही राह्यलं." पाठोपाठ "याडी ये!" अशी आईच्या नावानं किंकाळी, आणि पुढं काही नाही.

दीपानं हेडफोनची वायर ओढून पाहिली. ती ज्या यंत्रात जात होती ते थंड पडलं होतं.

तिनं स्वतःच्या मोबाइलवरून दवाखान्याची गाडी पाठवली. गाडी तांड्यावर गेली आणि रिकामी परत आली. धरमसिंग बाजेवर बसून भाकर खात होता. लालीबाईनं कुणालाच फोन केला नव्हता.

"वीज नसलेल्या यंत्रावर फोन येतो का?" ऑफिसचे प्रमुख मंदार सर यांनी विचारलं. ते रागावले नाहीत. "तूच सांग, दीपा. यातलं माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं."

येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिला झोप येईना.

रविवारी ती शेअरिंगच्या जीपनं तांड्यावर गेली. लालीबाई दारात गहू निवडत होती. "या, बसा," एवढंच ती म्हणाली आणि दीपा जागीच थबकली. तोच आवाज. तोच जरासा घोगरा घसा.

"धरमसिंगभाऊ, फवाराले जाऊ नका," दीपा घरच्या बोलीवर आली. "कायले, ते मले नाही सांगता येत. पण जाऊ नका."

तो हसला. "संपलीच समजा फवारणी, बाई. आता एकच वावर राह्यलं, पाटलाचं. मी नाही गेलो तर दुसरा जाईन."

"दुसराही नको जाऊ."

लालीबाई नवऱ्याकडं बघत राहिली. शेवटी तो म्हणाला, "बरं, नाही जात. बस?"

दीपाला जरा हायसं वाटलं. ऑफिसचा नंबर लागला नाही तर थेट मलाच लावा, असं ती लालीबाईला म्हणाली. चुलीतला कोळसा घेऊन तिनं आपला नंबर पांढऱ्या भिंतीवर ठळक लिहिला.

शेवटचा आकडा लिहिताना तिचा हात थांबला.

*भितीवरचाच नंबर लावला ना मी.*

ती पदरानं, तळहातानं आकडे पुसायला लागली. लालीबाईनं तिचा हात धरला. "राहू द्या ना, बाई. वेळेले कामी येईन." तोवर धरमसिंगनं मोबाइल काढून नंबर त्यात घालूनही टाकला होता.

मंगळवारी सगळे गट चालू होते. पडद्यावर सगळी नावं हिरवी. दीपाचा मोबाइल वाजला.

"हॅलो, बाई, बोला ना व! धरमसिंग फवारून आले..."

तेच शब्द. त्याच जागी दम लागणं. दीपा ओरडली, हॉलमधल्या सगळ्या मुली वळल्या. लालीबाईला मात्र काही ऐकू जात नव्हतं. फोन कटला. दीपानं उलटा लावला, लागला नाही. गाडीसाठी फोन केला. "पुन्हा चिंचबर्डी?" पलीकडचा माणूस म्हणाला. "आधी पक्कं करा, मॅडम. मागल्या वेळी उगाच गेलतो."

मंदार सरांनी आपली गाडी काढली. दोघं तांड्यावर पोचले तेव्हा बाया दारात गोळा झाल्या होत्या, आणि कुणीही घाई करत नव्हतं.

लालीबाईनं दीपाला फक्त एवढंच विचारलं, "तुमाले कसं माईत होतं?"



महिन्यानं पुन्हा वीज जाणार होती. "मी बंद करत नाही," दीपा म्हणाली.

"नाही केलं तर यंत्रं जळतील," मंदार सर हळू आवाजात म्हणाले. "मग ज्यांचे खरे फोन येतात त्यांनी कुणाला लावायचे?"

तिनं सगळे हेडफोन काढले, लोखंडी कपाटात कोंबले आणि कडी लावली. मग एकेक गट बंद केला. राळेगाव. वणी. दारव्हा. मग यंत्रं. मग बॅटरी.

खालून वजनकाट्याचा आवाज आला.

ती हॉलमध्ये आली. मुली खाली होत्या. टेबलं रिकामी.

कपाटातून कुजबुज येत होती. एकाची नाही. बाया, माणसं, लेकरं. आठवडी बाजारात दुरून यावी तशी.

शब्द कळत नव्हते.

ती पाय न वाजवता जवळ गेली. कडीवर हात ठेवला.

कुजबुज एकदम थांबली.

मग आतून एक बाई इतरांना हळूच म्हणाली, "चूप व्हा. बाई आली वाटते."