न ऐकलेलं माप

दोघी जावांचं शिवणाचं दुकान होतं. धाकटी गिऱ्हाइकाला टेप लावून माप मोठ्याने सांगायची, थोरली ते वहीत टिपून कापड बेतायची. बारा वर्षांत कात्री चुकली नव्हती. पण नाव झालं धाकटीचं. ती फोनवर दोन-दोन ओळी लिहायची, "आज एका कोटाच्या खिशात जुनं प्रेमपत्र सापडलं, खिसा तसाच शिवून दिला," आणि हजारो माणसं वाहवा करायची. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "त्या लिहिणाऱ्या बाई कुठायत?" कापणाऱ्या बाईला कोण विचारतो! थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि हे दुखणं डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं.

तिनेही गुपचूप खातं उघडलं. नऊशे माणसं जोडली, धाकटीलाही; तिनेही उलट जोडलं. मग दिवसभर त्यांची भांडणं, आजारपणं, मांजरं यांचा नुसता लोंढा. पुढ्यातलं कापड तसंच राहू लागलं.

"म्यूट कर सगळ्यांना," नवरा म्हणाला. "त्यांचं लिहिलेलं तुला दिसणार नाही, अन् त्यांना पत्ताही लागणार नाही."

तिने एकेकाला म्यूट केलं. धाकटी तेवढी ठेवली. जळायला का होईना, ती हवीच होती.

सोमवारी शाळेतल्या बाई आल्या. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. घसा बसला असेल, थोरलीला वाटलं. पण धाकटी त्यांच्या बोलण्यावर खळखळून हसली. गुरुवारी पोस्टमनचं तेच झालं. कानाचे डॉक्टर म्हणाले, कान अगदी स्वच्छ आहेत. दोघंही म्यूट केलेल्यांत होते, हे थोरलीच्या ध्यानात आलं. तिने तो विचार झटकला.

त्याच दुपारी धाकटीने लिहिलं, "आमचा सगळ्यात देखणा कोट आज तयार झाला." खाली फोटो. कापणारीचं नावसुद्धा नाही.

थोरलीने समजून-उमजून तिच्यावरचं म्यूटचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी जुने गिऱ्हाईक असलेले गायक आले. धाकटीने खांद्याला टेप लावली. तिचे ओठ हलले.

काहीच ऐकू आलं नाही.

पुन्हा विचारायला थोरलीचा ताठा आडवा आला. तिने नजरेनेच अंदाज बांधून आकडे लिहिले. पुढचे तीन दिवस ती कामापुरतं बोले, धाकटी नुसती मान हलवे.

चौथ्या दिवशी कोट गायकांच्या छातीवर बसेना. "बारा वर्षांत पहिल्यांदा," गायक म्हणाले आणि कोट टेबलावर ठेवून निघून गेले.

टेबलाआड थोरलीने धाकटीवरचं म्यूट काढलं, मग सगळ्यांवरचं. दारातून पोस्टमनची हाक स्पष्ट ऐकू आली.

धाकटीचे ओठ मात्र आता मिटलेले होते.

"अगं, बोल ना! माझं चुकलं, मी जळले तुझ्यावर!" थोरली ओरडली.

धाकटी घाबरून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. टेबलावर तिचा फोन उघडा होता, थोरलीच्या नावापुढे म्यूटची खूण. मग धाकटीने खडू उचलला आणि बिघडलेल्या कोटाच्या पाठीवर लिहिलं,

"ताई, तीन दिवस झाले, तुम्ही नुसतेच ओठ का हलवताय?"