कन्सोल उघडला त्या रविवारी

बरखेड्याच्या बाजारातल्या त्या चिंचोळ्या दुकानात कॉम्प्युटरच्या चिपवर लावायच्या पेस्टची एकच ट्यूब उरली होती, आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले.

"सॉरी... घ्या तुम्ही," तो म्हणाला. हात मात्र त्याने काढला नाही.

सकाळची शाळा, दुपारच्या शिकवण्या, वर एप्रिलचं ऊन. योगिनीच्या अंगात भांडायचंही त्राण नव्हतं. "ही पेस्ट मला हवीच आहे," ती म्हणाली. "घरचा गेम कन्सोल तापतो आणि बंद पडतो."

"माझा लॅपटॉप पण सेम करतो. पण ही लागते मटराच्या दाण्याएवढी. पूर्ण ट्यूब तर खानदानाला पुरेल. आधी-आधी करूया?"

"अर्धी-अर्धी," ती शिक्षिकेच्या सवयीने बोलून गेली.

"ग्वाल्हेरची मराठी आहे, मॅडम. आमच्याकडे अशीच मिळते."

तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून तिचं तिलाच नवल वाटलं.

त्याचं नाव उदय. मंडीदीपच्या कारखान्यात इंजिनिअर, राहायला मिसरोदला. कन्सोल कोण खेळतं, असं त्याने विचारलं, तेव्हा ती जरा थांबली. "बाबा," ती म्हणाली. "अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात उठत नाही. व्यायामाला नकार देतात, पण गाड्यांची शर्यत लावली की बोटं आपोआप चालतात... चालायची." दुरुस्तीवाला म्हणाला होता, कन्सोल जुना झाला, टाकून द्या. तेव्हापासून बाबांचा हात मांडीवर नुसता पडून होता.

"त्याचे स्क्रू वेगळे असतात," उदय म्हणाला. "तसला स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहे. संडेला आणू?"

रविवारी तो तिच्या बाग सेवनियातल्या घरी आला. "नमस्कार, काका," म्हणत बाबांच्या पाया पडला. मग जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून योगिनी कामाला लागली. करायचं तिनेच, असं तिने आधीच बजावलं होतं. तो फक्त टॉर्च धरून उभा होता.

झाकण निघालं. पंख्यावर धुळीची गोधडीच बसलेली. तिने ब्रशने ती झाडली, चिपवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, नवी लावली. टॉर्चचा उजेड मध्येच हलला.

"इकडे धरा. माझ्या तोंडावर नको."

"हां... सॉरी." त्याचे कान लाल झाले होते.

सगळं जोडून तिने बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. आधी निदान थोडा वेळ तरी चालायचा. आता दिवाही लागेना. पलीकडे बाबांनी मान वळवून घेतली.

योगिनीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मला आता काहीच दुरुस्त करायचं नाहीये," ती हळूच म्हणाली. "शाळेतली मुलं, हे घर, बाबांचा हात... मी फार दमलेय."

सगळं ठीक होईल, असं तो म्हणाला नाही. त्याने खुर्ची ओढली. "मग बसा. आज नाही करायचं. चहाची भांडी कुठे आहेत?"

ती बसली. आई गेल्यापासून 'बस' असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं. स्वयंपाकघरात त्याने चुकीचे डबे उघडले, तरी ती उठली नाही. चहा फार गोड झाला होता. अर्धा पिऊन तिने स्वतःच स्क्रूड्रायव्हर उचलला, झाकण पुन्हा काढलं आणि आत निरखून पाहिलं. बोर्डाकडे जाणारी तारांची एक चपटी पट्टी जागेवरून निसटली होती. तिने ती बोटाच्या टोकाने दाबून बसवली.

दिवा लागला. पंखा शांत, एकसारखा फिरू लागला.

बाबांची गाडी पहिल्याच वळणावर भिंतीला धडकली. "ब्रेक लागत नाही," ते कुरकुरले, पण अंगठा बटणावर सरकत होता. थोडा... तरी सरकत होता. योगिनी सोफ्यावर बसून बघत राहिली. शेजारी, जरा अंतर ठेवून, उदय बसला.

"मला परत यायचंय," तो टीव्हीकडे बघत हळू आवाजात म्हणाला. "काही बिघडलेलं नसताना पण."

"मी रोज अशीच असते, उदय. संध्याकाळी बोलायलाही नको वाटतं."

"मग नका बोलू. मी बसेन."

 तिने डोकं सोफ्याच्या पाठीला टेकलं.

"या," ती म्हणाली. डोळे मिटत चालले होते. "आत्ता मात्र... मला झोप येतेय."

"झोप ना."

"तू जाशील."

"नाही जात."

बाबा पुढच्या शर्यतीला लागले. तिचं डोकं हळूहळू कलत त्याच्या खांद्यावर आलं, आणि तो टेकून बसायचंही विसरून तसाच ताठ बसून राहिला.