आभाळावरचा अंगठा

"अमीनसाब, मेलेल्या माणसाचं कार्ड आलंय."

चाँदपाशा उंबऱ्यातच उभा होता. सोलापूरच्या गिरणीतून तसाच निघून आलेला, केसांत कापसाचे तंतू, चेहरा पांढराफटक. सादिकमियाँ दाढी करत बसले होते. वस्तरा गालावरच थांबला.

निजामाचं राज्य जाऊन तप उलटलं होतं. पोलिसांतलं 'अमीन' हे पदही त्या राज्याबरोबरच गेलं. पण उस्मानाबादेत कुणाची म्हैस हरवली की लोक ठाण्याच्या आधी सादिकमियाँचं दार वाजवायचे. म्हातारा तिरसट. आलेल्यावर आधी खेकसायचा आणि मग मुकाट चपला शोधायचा.

"मेलेली माणसं कार्डं पाठवत नसतात," ते खेकसले. "बैस. पाणी पी. आणि पहिल्यापासून सांग."

चाँदपाशाचं मूळ घर ईट गावचं. त्याची धाकटी बहीण फरिदाबी अणदूरला दिलेली. तिचा नवरा आयुब लग्नानंतर वर्षभरातच मुंबईला गेला आणि आगबोटीवर खलाशी झाला. बोट ज्या शहराला लागेल तिथलं एक चित्राचं कार्ड तो घरी धाडायचा. लिहिता येत नव्हतं, म्हणून मजकुराच्या जागी डाव्या हाताचा अंगठा. तोही पाठीवर नाही. पुढं, चित्रातल्या आभाळावर.

"गेल्या महिन्यात सोलापुरात त्याच बोटीवरचा एक खलाशी भेटला," चाँदपाशा म्हणाला. "म्हणला, आयुब जाऊन दोन वर्षं झाली. तापानं गेला. हॅम्बुर्गात मी माझ्या हातानं माती दिली त्याला. आणि परवा अणदूरला जातो तर भिंतीवर नवं कार्ड. आभाळावर अंगठा."

"अंगठा कुणीही उठवील."

"तुमीच येऊन बघा. फरिदासाठी भला माणूस बघितलाय मी. पण काझीसाब म्हणत्यात, कार्डं येत्यात तवर नवरा जिता. खलाशी म्हणतोय मेला. माझ्या बहिणीनं करायचं काय?"

सादिकमियाँनी तोंड पुसलं. दाढी अर्धीच झाली होती.

अणदूरला ते घर शोधावं लागलं नाही. एस्टीतून उतरल्यावर नुसतं नाव काढलं तर लोकांनी बोट दाखवलं आणि नजर दुसरीकडं वळवली. घर धाब्याचं, खोली एकच. छताच्या झरोक्यातून पडलेला उजेडाचा कवडसा नेमका मागच्या भिंतीवर पडायचा, आणि त्या भिंतीवर सगळं जग होतं. बंदरं, पूल, घड्याळाचे मनोरे, बर्फानं भरलेले रस्ते. शेणानं सारवलेल्या मातीवर ती शहरं रांगेनं उभी होती, आणि प्रत्येकाच्या आभाळावर एक काळा अंगठा. खोलीत लोबानाचा जुना वास होता. सादिकमियाँना उगीचच वाटलं की आपल्या पाठीमागं कुणीतरी उभं आहे. त्यांनी वळून पाहिलं. दारात फरिदाबी होती.

सुकलेली, मोठ्या डोळ्यांची पोर. तिनं पदर पुढं ओढला आणि पहिल्यांदा बोलली ती एवढंच.

"चाचा, मला येवढंच सांगा. मी सुवाशीण का बेवा?"

सादिकमियाँ भिंतीकडं वळले. त्यांनी खिशातून भिंग काढलं.

"ही कुठली शहरं?"

"ह्ये एडन. ह्ये मार्सेल्स. ह्ये योकोहामा." ती एकेका कार्डाला बोट लावत गेली. "शाळेतले मास्तर वाचून सांगायचे."

"आणि ही खालची?"

"ह्येंची नावं न्हाय कळली. नाव पाठीवर छापल्यालं असतंय."

सादिकमियाँ खाली वाकले. वरच्या रांगांतली कार्डं बाभळीच्या काट्यांनी टोचलेली होती. वाऱ्यानं हलत होती, उलटून पाहता येत होती. पाठीवर इंग्रजी पत्ता, परदेशी तिकीट, गोल शिक्का. खालच्या रांगेतली कार्डं मात्र खळीनं भिंतीला घट्ट डकवलेली होती. नखसुद्धा आत जाईना.

मग त्यांनी भिंग अंगठ्यांवर धरलं. वरच्या रांगेतल्या अंगठ्यावर एक तिरपी पांढरी रेघ होती, जुन्या जखमेची.

"विळा लागला हुता," फरिदाबी म्हणाली. "लगीन झाल्यावर पयल्याच काढणीला."

खालच्या रांगेतही तीच रेघ. अगदी शेवटच्या, परवाच आलेल्या कार्डावरही. सादिकमियाँनी आयुष्यभर अंगठे तपासले होते. हा तोच अंगठा होता, यात तिळमात्र शंका नव्हती. जो हात दोन वर्षांपूर्वी मातीत गेला, त्या हाताचा. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याचा त्यांना फार राग आला.

"ही डकवलेली कार्डं कधीपासून यायला लागली?"

"भाईच्या लग्नाला ईटला गेले हुते. माघारी आले तर अम्मा तापानं फणफणलेल्या. किती दिस अन्नाला शिवल्या न्हाईत. त्याच्यानंतरच."

"आणि मग?"

"मग म्हायेराला जायाचं गाठोडं बांधलं की कार्ड यायचं. रानातनं येऊन बघावं तर भिंतीवर. कार्ड आलं म्हंजे त्ये बी येत्याल, असं वाटायचं. गाठोडं सोडून ठेवायची मी. ईटला गेलेच न्हाय तवापासून."

"आयुब माणूस कसा होता?"

ती पहिल्यांदा किंचित हसली. नवऱ्याचं नाव मात्र तिनं घेतलं नाही. "हट्टी. खोबरं दिसलं की ताट सरकवायचे. अम्मा त्येंच्यापुरतं बिनखोबऱ्याचं येगळं काढायच्या."

तेवढ्यात अम्मा आलीच. बिस्मिल्लाबी, आयुबची आई. वाकलेली, पण आवाज खणखणीत. ज्वारीच्या पेंढ्या उतरवून तिनं पाहुण्याला आधी चहा केला.

"माजा आयुब येनार हाय. ह्या हुरड्याला येतो म्हनलाय."

"कोण म्हणालं? कार्डावर नुसता अंगठा असतो."

"आईला अंगठा वाचता येतो, अमीनसाब."

"कार्ड आणून कोण देतं?"

"टपालवाला. दुसरं कोन देनार?"

"भिंतीला डकवता का? आधीची तर काट्यानं लावलीत."

"वाऱ्यानं उडत्यात." म्हातारी उठली आणि चुलीकडं गेली.

टपालवाला शिवप्पा नळदुर्गाहून सायकलवर यायचा. त्याला सादिकमियाँनी वेशीतच गाठलं.

"त्या घरी कार्डं देतोस?"

"न्हाय बा! दीड वर्सामागं ह्या गावाला आलो, तवापास्नं त्या म्हातारीला म्या एक चिटोरं दिल्यालं न्हाय. त्या दारावरनं जाताना सायकल हानतो म्या. लोक म्हन्त्यात, पोरगा सोता येतोय आन चिकटवून जातोय."

चाँदपाशानं हे ऐकलं आणि तो उसळला. "बघा! अंगठा त्याचा, टपाल न्हाय. म्हंजे भडवा जिता हाय, हितंच कुठंतरी हाय! खलाशाला पैशे चारले असतील. म्हातारीनं लपवलाय त्याला. कणगी उचकून बघू का?"

"गप बैस."

विचार करण्यासारखं होतं खरं. अंगठा आयुबचा आणि कार्ड बाहेरून येत नाही, तर आयुब घराजवळच असायला हवा. पण बायकोपासून लपून तिलाच खुशाली कळवणारा नवरा सादिकमियाँनी अजून पाहिला नव्हता. आणि मेलेला माणूस खळ कालवत बसत नाही. रात्री मशिदीच्या ओट्यावर पडल्या पडल्या त्यांना ती भिंत दिसत राहिली, आणि त्या रिकाम्या रस्त्यांवर आभाळातून टेकलेला तो अंगठा.

दुसऱ्या दिवशी शबेबरात. मेलेल्यांच्या नावानं हलवा करून फातेहा द्यायचा दिवस. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर बिस्मिल्लाबीचा निरोप आला, "फातेहा पढायला या. घरात पढनारं मानूस न्हाय."

चादर अंथरलेली, निखाऱ्यावर लोबान, आणि समोर हलव्याची तीन ताटं. चाँदपाशा डोक्याला रुमाल बांधून बसला. फरिदाबी भिंतीशी.

"नावं सांगा," सादिकमियाँ म्हणाले. नावाशिवाय फातेहा कुणाला पोचवायचा?

"ह्ये आमच्या धन्याचं. हुसेनसाब. ह्ये माज्या सासूचं, जैनबबी."

"आणि तिसरं?"

"ज्येंचं नाव घ्यायाला कुनी उरलं न्हाय, त्येंचं."

काही घरांत असं बेवारशांचं ताट ठेवतात. सादिकमियाँनी हात वर केले. ओठ हलले, आणि तिथंच थांबले.

पहिल्या दोन ताटांवर पांढरंशुभ्र खोबरं किसून पसरलेलं होतं. तिसऱ्यावर खोबऱ्याचा कण नव्हता.

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दर शबेबरातीला ते तिच्या ताटावर तूप जरा जास्त सोडत, कारण जिवंतपणी ती मागून घ्यायची. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी हात खाली घेतले.

"बिस्मिल्लाबी," ते हळूच म्हणाले, "बेवारस मुर्द्यांची आवडनिवड तुम्हाला कशी कळली?"

म्हातारीचा हात ताटाच्या काठावर होता. तो हलला नाही.

"चाँदपाशा, तू म्हणालास आयुब जिता आहे. जित्या माणसाचं ताट शबेबरातीला मांडत नाहीत, आणि आई तर मुळीच मांडणार नाही. तो गेला. आणि हे या घरात एका माणसाला ठाऊक आहे."

"मग अंगठा?" चाँदपाशानं विचारलं.

"अंगठा आयुबचाच. भिंतीवर लावणारा हात दुसरा. बोट शहराला लागली की आयुब कार्डं घ्यायचा आणि तिथंच आभाळावर अंगठा उठवायचा. काही टपालात टाकायचा, बाकीची घरी येताना दाखवायला म्हणून जवळ ठेवायचा. तो गेल्यावर तो गठ्ठा कुणीतरी अणदूरला पोचवला. फरिदा तेव्हा भावाच्या लग्नाला ईटला होती. ती आली तेव्हा सासू तापानं फणफणलेली. तो ताप नव्हता, बाबा. पोराचा शोक होता, आणि तो मोठ्यानं करायची सोय नव्हती."

लोबानाचा धूर भिंतीवरच्या शहरांवरून सरकत होता.

"टपालानं आलेली कार्डं काट्यावर लावली. पाठ कुणीही बघावी. या कार्डांच्या पाठीवर ना तिकीट, ना शिक्का. म्हणून ती खळीनं डकवली. म्हणूनच या शहरांची नावं या पोरीला कधी कळली नाहीत. आणि कार्ड यायचं कधी? तिनं माहेरचं गाठोडं बांधलं की."

बिस्मिल्लाबी उठली. कणगीच्या मागं हात घालून तिनं फडक्यात बांधलेला गठ्ठा काढला आणि सुनेसमोर ठेवला. फार थोडी कार्डं उरली होती.

"बोटीवरचा दुसरा एक खलाशी आलता," ती म्हणाली. आवाजातला खणखणीतपणा कुठल्या कुठं गेला होता. "एस्टीतनं उतरला, ह्ये दिलं, पानी बी न पिता गेला. तू आलीस, हातात भावाच्या लग्नाचा हिरवा चुडा. सांगते म्हनलं, उद्या सांगते. सांगितलं की तू जानार ईटला. मग ह्या घरात मी आन ही भिंत. माजी चुकी हाय. तुजी वर्सं खाल्ली म्या, बेटी. समद्यांशी खोटं बोलले. काझीशी बोलले. पर आजच्या दिवशी त्याला उपाशी कसा ठेवू?"

चाँदपाशा काहीतरी कडक बोलणार होता. सादिकमियाँनी नुसतं बघितलं, तो गप्प झाला.

"आयुबला जाऊन दोन वर्षं झाली, म्हणजे दुसऱ्या लग्नाआधी बेवेनं पाळायची इद्दतही कधीच सरली," ते फरिदाबीला म्हणाले. "तू विचारलंस त्याचं उत्तर हे आहे, पोरी. तू मोकळी आहेस. आजच निघायचं म्हणालीस तरी कुणी अडवू शकत नाही."

फरिदाबी रडली नाही. तिनं गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उलटं केलं, कोऱ्या पाठीवरून हात फिरवला. मग ती पुढं सरकून तिसऱ्या ताटासमोर बसली.

"पढा, चाचा."

"नाव लागेल."

त्यांनी बिस्मिल्लाबीकडं पाहिलं. इतकी वर्षं पोराला जिता ठेवलेलं तोंड ते, त्यातून ते नाव मेलेल्यांत निघत नव्हतं.

"आयुब," फरिदाबी म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच. "आयुब वल्द हुसेनसाब."

सादिकमियाँनी फातेहा पढला.

सकाळच्या एस्टीनं फरिदाबी भावाबरोबर निघाली. निघण्याआधी तिनं वरच्या रांगांतली कार्डं एकेक काटा उपसून काढली, एडन, मार्सेल्स, योकोहामा, आणि गाठोड्यात बांधली. फडक्यातला गठ्ठा तिनं सासूच्या हातात दिला, वाकून तिचे पाय धरले, आणि मागं न बघता बाहेर पडली. खळीनं डकवलेली कार्डं तिनं काढायला घेतली नाहीत. ती भिंतीवरच राहिली, म्हातारीसाठी.