पावणेदोनच्या तारेतून पाच

पाकीट १

"माझं नाव आज संध्याकाळी बुडणार आहे," असं म्हणून मालविका शेवडे चहाला हात न लावता बसून राहिली.

काशीच्या पंचगंगा घाटावरची ती खोली अंबिका पुराणिकची. टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी सोडून ती खाजगी तपासाची कामं घेई. कोपऱ्यात तिचा मावसभाऊ सुश्रुत कचौडी खात होता. तपासात मदत करतो, असं तो स्वतः सांगे.

हकीकत अशी. राजा घाटाजवळच्या मराठी पाठशाळेतल्या पोथ्यांच्या पानांची चित्रं मालविका संगणकात उतरवी आणि फोनच्या तारेवरून पुण्याच्या संस्थेला पाठवी. काम अजून पक्कं व्हायचं होतं.

"आठवडाभर रोज चाचणी घेतली. दर सेकंदाला पाच किलोबाइट! काल विश्वस्तांसमोर तेवढ्याच आकाराचं पोथीचं पान पाठवलं, तर दीड. त्यांतले विश्वेश्वरपंत म्हणाले, आकडे फुगवलेस. आज संध्याकाळी ते तसं पुण्याला कळवणार."

"संगणकावर काय काय बदललंस?" अंबिकाने विचारलं.

मालविकाची मान ताठ झाली. "पहिल्यांदा पान पाठवलं तेव्हा पाऊण मिळत होता. संगणकाच्या पोर्टची चिप अक्षरं सांडत होती, तीच पुन्हा पाठवावी लागत. चिप बदलली. डेटा ज्या तुकड्यांत जातो, त्या पाकिटांचा आकार नीट बसवला. संगणक तारेला जोडणाऱ्या मोडेमला डेटाची घडी घालायला लावली."

"घडी?" सुश्रुतने विचारलं.

"एकच गोष्ट परत परत आली, तर ती एकदाच सांगायची आणि पुढे 'तेच पुन्हा' म्हणायचं."

पाकीट २

पाठशाळेत पोचल्यावर अंबिकाने आधी मोडेम उलटा केला. पोटावर छापलं होतं : १४,४००.

"पावणेदोन," ती पुटपुटली.

सुश्रुतने घड्याळ पाहिलं. बारासुद्धा वाजले नव्हते.

"मालविका, चाचणीची फाईल पाठव बरं."

फाईल गेली. पाच.

"म्हणजे तार शाबूत आहे," अंबिका म्हणाली.

(पाकीट ३ पोहोचलं नाही.)

पाकीट ४

शार्दूल कुरियरवाला. पोथ्यांच्या फ्लॉप्या डब्यात भरून पुण्याला न्यायचं काम त्याला हवं होतं. आणि काल प्रयोगाआधी तो मोडेमपाशी उभा होता.

"अरे दीदी, घरी फोन लावला फक्त! मालविकादीदीचा नंबर फर्जी निघाला तर फायदा माझाच, झूठ का बोलू? पण तारेला हात नाही लावला, कसम से."

तो गेल्यावर सुश्रुतने टाळी वाजवली. "चोर सापडला, ताई!"

"आज पाच आले ते मग कुणाच्या तारेतून? ते राहू दे. सकाळी काकांशी तू बोललास, ते काय म्हणाले?"

"यज्ञेश्वरकाका? ते देवाधर्माचं बोलत होते. मी सोडून दिलं."

"तेच सांग."

पाकीट ३ (पुन्हा मागवलेलं)

यज्ञेश्वरकाका पाठशाळेचे ग्रंथपाल. मेजावर लाल शाईने रामनाम लिहिलेले ताव वाळत पडले होते.

"पोरगी म्हणाली, काका, चाचणीला एक मोठी फाईल करून द्या. म्हटलं, रिकामं काहीबाही कशाला पाठवायचं? 'श्रीराम' एकदा टंकलं, पुढच्या लाखभर ओळी मशीननं उतरवून घेतल्या. रोज एवढं नामस्मरण पुण्याला जातंय, सुश्रुता!"

सुश्रुतने हात जोडले होते. आणि विसरून गेला होता.

पाकीट ५

संध्याकाळी विश्वेश्वरपंत काठी टेकत आले. अंबिकाने सगळ्यांना मशीनपाशी बसवलं.

"पंत, या मोडेमवर छापलंय सेकंदाला १४,४०० बिट; आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे तारेतून सुमारे पावणेदोन किलोबाइट जातात. त्याहून जास्त नाही. मग पाच कुठून आले? हा प्रश्न कुणीच विचारला नाही. मालविकानेसुद्धा नाही. मेहनतीचं फळ म्हणून तिनं तो आकडा कवटाळला."

मालविकाने मान खाली घातली.

"काकांच्या फाईलमध्ये एकच ओळ लाखभर वेळा होती. मोडेमनं ती एकदा सांगितली आणि पुढे म्हणत राहिला, तेच पुन्हा. म्हणून पाच. पोथीच्या पानाचं चित्र मात्र साठवतानाच घट्ट घडी घातलेलं. मोडेमला आणखी दुमडायला काही उरलंच नाही. म्हणून दीड. शार्दूल निर्दोष. फाईलचा आकार मोजला सगळ्यांनी, आत काय आहे ते कुणी पाहिलं नाही."

"म्हणजे माझी लाख नावं पोचलीच नाहीत?" काका घाबरले.

"पुण्यात घडी उलगडली की लाखच होतात, काका."

पंतांनी काठी आपटली. "शेवटी पाच नाहीत ना?"

"नाहीत," मालविका उठली. आता तिचा आवाज स्वच्छ होता. "पाच माझे नव्हतेच. त्याच पोथीच्या पानाला आधी पाऊण मिळत होता, आता दीड मिळतो. पावणेदोनच्या तारेतून दीड! तो आकडा माझा. पुण्याला मीच सांगते."

तिने फोन लावला. आधी चूक सांगितली, मग आकडा. पलीकडून एवढ्या मोठ्याने प्रश्न आला, की पंतांनाही ऐकू गेला.

"पोथीच्या पानाला दीड? आम्हाला इथे गावातल्या गावात सव्वाच्या वर मिळत नाही! कसं केलंत हे?"

मालविका बोलणार, तेवढ्यात पंतांनी रिसीव्हर तिच्या हातातून घेतला.

"आमच्या मालविकेनं केलंय," ते ओरडले. "काशीत! शिकायचं असेल तर या!"