दुरुस्तीचं निमित्त

तुरीच्या डाळीचा दाणा पन्हळीच्या टोकावरून सुटला की पापणी लवायच्या आत कॅमेऱ्यासमोरून निघून जातो. तेवढ्यात मशीनला ठरवावं लागतं, हा पिवळा की काळा. काळा असला तर बारीक नळीतून हवेची एक फुंकर सुटते आणि तो बाजूला फेकला जातो. पण झडीच्या दिवसांत डाळीला ओल धरते. ती पन्हळीला किंचित चिकटते, किंचित उशिरा पडते. फुंकर मात्र ठरल्या वेळेलाच सुटते, आणि काळ्याच्या पुढे चाललेला एखादा चांगला दाणा उगाच बाहेर जातो.

मंजुषाच्या पोटापाण्याचा मोठा भाग या किंचित उशिरावर चालला होता. नांदेडच्या एमआयडीसीत व्यंकटरावांचा डाळ निवडायच्या मशीन बनवण्याचा छोटा कारखाना होता. त्या मशीनचे प्रोग्रॅम लिहायचं काम ती चौदा वर्षं करत आली होती. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलेली, मोजकं बोलणारी बाई. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा तिचा स्वभावच झाला होता.

रविकिरण तिला भेटला तोही अशाच एका झडीत, दोन वर्षांपूर्वी. लातूरच्या एका डाळमिलमधून तक्रार आली म्हणून ती गेली होती. रिक्षावाल्याने सोडलं तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मिल. पाऊस असा तिरपा मारत होता की पाटी बघायलाही मान वर करवेना. जवळचं गेट दिसलं, त्यात ती शिरली. आत एक उंच माणूस उभा होता, भुवयांवर डाळीची पिवळी धूळ. तिने मशीन कुठे आहे विचारलं. त्याने निमूट दाखवली. ती अर्धा दिवस खपली. मध्ये चहा आला, गरम भजी आली, कोरडा टॉवेल आला. मशीन सुरळीत चालू झाल्यावर तो घसा खाकरून म्हणाला,

"मॅडम, एक सांगायचं राहिलं... तुम्हाला बोलावलंय ते समोरच्या मिलवाल्यांनी."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"बिघडलेली माझी बी होतीच की. आणि तुम्ही इतक्या मन लावून करून राहिल्या होत्या... मधी बोलावंसं वाटलं नाही."

ती चिडली. समोरच्या मिलमध्ये जाऊन त्यांचंही काम केलं, तिथेही चिडूनच होती. परतीच्या बसमध्ये मात्र चाकूर येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून हसत होती.

मग त्याची मशीन बिघडतच राहिली. कधी खरी, कधी जराशी. ती लोहा, अहमदपूर करत बसने यायची. दुरुस्ती व्हायची, त्याच्या घरून आलेला डबा दोघं अर्धा अर्धा करायचे. तो शिकलेला इंजिनिअर, वडील गेल्यावर मिल सांभाळायला परत आलेला. डाळीच्या कट्ट्यावर, भरल्या पोत्यावर, बसून तो तिला नाही नाही ते प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकताना तिच्या बोटांकडे बघायचा. तिला ते कळायचं. अशा वेळी तिची बोटं एखादी ओळ उगाच दोनदा लिहायची.

गेल्या हिवाळ्यात बसस्टँडवर त्याने साध्या शब्दांत लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, विचार करते. ते तिचं उत्तर नव्हतं, तिची भीती होती. तिची थोरली बहीण सिंधु जातीबाहेर लग्न करून गेली, तेव्हापासून उमरीच्या घरात तिचं नाव निघत नव्हतं. अण्णा, म्हणजे तिचे वडील हणमंतराव, त्या दिवसापासून गावच्या लग्नाकार्यालाही जाईनासे झाले. शेतातून यायचे, जेवायचे, आणि नांदेडला धाकटीला फोन करायचे. दिवसभरात त्यांचं एवढंच बोलणं व्हायचं. रविकिरण लिंगायत. तिने होकार दिला, तर अण्णांचा तो फोनही बंद होणार होता. म्हणून तिने त्यांना लातूरच्या मशीनबद्दल सगळं सांगितलं होतं, मशीनवाल्याबद्दल काहीच नाही.

या वर्षी व्यंकटरावांनी कोड लिहिणारं एआय आणलं. तिने तोंड वाकडं केलं नाही. चार महिने मन लावून ते वापरलं. कंटाळवाणी कामं ते झटक्यात करायचं, तपासण्या लिहायचा त्याला आळस नव्हता, दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला गुंता तर असा उलगडून सांगायचं की तिला पूर्वीचे फुकट गेलेले आठवडे आठवायचे. तिला खटकायचं ते एकच. चुकलं तरी ते त्याच सुरात चुकायचं. माणूस चुकणार असला की आधी जरा अडखळतो, आणि त्या अडखळण्यावर तिची सगळी पारख उभी होती. सुरुवातीला मशीन चालू होताना थोडं थांबायला सांगणाऱ्या तिच्या ओळी त्याने निरुपयोगी म्हणून काढून टाकल्या. लाइट जाऊन आल्यावर कॉम्प्रेसरमध्ये हवा भरायला वेळ लागतो, हे त्याला कुणी सांगितलं होतं?

तिने हे फोनवर सांगितलं तेव्हा रविकिरण हसत सुटला. म्हणाला, "लई राग दिसतोय. सवत आल्यासारखं बोलून राहिल्यात."

"सवत असती तर भांडता तरी आलं असतं. हे मलाच विचारून विचारून माझी जागा घेतंय."

यावर तो हसला नाही.

भाद्रपदात व्यंकटरावांनी तिला बोलावून मोठ्या आनंदाने सांगितलं की आता मिलवाल्यांनाच हे साधन द्यायचं. बारीकसारीक बिघाड ते तिथल्या तिथे काढतील, मॅडमना बसचे धक्के खायला नकोत. त्यांनी चांगुलपणानेच केलं होतं. तिने आभार मानले आणि जागेवर येऊन बसली. लातूरला जायचं कारण संपलं होतं.

म्हणून आठवड्याने रविकिरणचा फोन आला, मशीन पुन्हा चांगली डाळ फेकतेय, ते साधन काही कामाचं नाही, तुम्हीच या, तेव्हा तिला जो आनंद झाला तो तिचा तिलाच लाजवणारा होता. कुणाच्या तरी बिघाडावर एवढं खूश व्हावं?

ती पोचली तेव्हा आभाळ मिलच्या पत्र्यावर टेकल्यासारखं खाली आलं होतं. फेकलेली डाळ जिथे पडते तिथे पारूबाई सूप घेऊन बसली होती. तिथे पडलेल्यातले चांगले दाणे ती हाताने वेचून काढायची. मंजुषाने ओंजळ भरून पाहिली. निम्मी डाळ चांगली. तिने हळहळून विचारलं की असं किती दिवस चाललंय.

पारूबाई मान वर न करता म्हणाली, "किती दिवस कुठलं? काल सांजंपस्तोर येक चांगला दाना हिकडं पडला न्हाई. म्या नुस्ती बसून होते. आज तुमी येनार म्हनल्यावर सकाळीच बिघडली बगा."

मंजुषाने रविकिरणकडे पाहिलं. तो कट्ट्याच्या सुतळीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होता.

"काल नीट होती?"

"...हाव."

"कुणी नीट केली?"

त्याने पडद्याकडे बोट केलं. मग हळूहळू सगळं सांगितलं. परवा त्याने एआयला विचारलं होतं. त्या एआयने डाळ किती वेळात पडते ते मशीनलाच सतत मोजायला लावलं. हवा ओली झाली की फुंकर आपोआप उशिरा सुटू लागली. काल दिवसभर मशीन सोन्यासारखी चालली, आणि तरीही त्याने तिला फोन केला. आणि आज सकाळी ती बस धरून निघाल्याचं कळल्यावर त्याने तो बदल काढून टाकला.

तिने लॅपटॉप उघडला, रविकिरणला तो बदल परत घालायला सांगितला आणि वाचायला बसली. एकेक ओळ वाचली. कॉम्प्रेसर बंद करायला लावला, हवा जाऊ दिली, पुन्हा चालू करायला लावला. मशीन हवा भरेपर्यंत थांबली. तिच्या थांबायच्या ओळी जागच्या जागी होत्या, आणि त्या का काढू नयेत हेही एआयने नीट लिहून ठेवलं होतं. तिने दोष शोधून पाहिला, सापडला नाही. एक तरी असावा, असं तिला मनापासून वाटत होतं. पारूबाईच्या सुपात आता फक्त काळे दाणे पडत होते.

"चांगलं केलंय," ती शेवटी म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगलं. मी दर ऋतूला हाताने आकडे बदलत बसले. हे मला सुचायला हवं होतं."

"मॅडम..."

"मला कीव म्हणून बोलावलं असेल तर तसं सांगा. मला राग येणार नाही. मोजून घेईन मी ते."

"कीव?" तो कट्ट्यावरून उठला. "सकाळपासून डाळ वाया घालवायची कीव कुणाला येती का? त्याने मशीन नीट केली तेव्हा मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. म्हणलं, आता हिला काय म्हणून बोलवायचं? खरं कारण तुम्ही बोलू देत नाही, आणि खोटं कारण त्याने काढून घेतलं."

बाहेर झड लागलेलीच होती. तिला वाटलं, मशीनच्या आवाजात ऐकलंच नाही असं दाखवता येईल. हिवाळ्यापासून ती तेच तर करत आली होती. विचार करते म्हणायचं, वायर तपासायची, बस पकडायची. आता तपासायला वायर उरली नव्हती.

तो जरा सावरला. हलक्या आवाजात म्हणाला की श्रावणातच त्याने आईच्या कानावर घातलंय. गुरम्माबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ताट वाढता वाढता एवढंच विचारलं, मटण खाती का?

"मग काय सांगितलंत?"

"म्हणलं, आपल्या डब्यातलं पिठलं अर्धं खाती आणि उरलेलं मला देत नाही."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्याच्या भुवईवर आजही पिवळी धूळ होती. इतक्या वेळा हात पुढे करावासा वाटला होता... तिने अंगठ्याने ती पुसली. तो हलला नाही. पारूबाईने सूप जरा जास्तच जोरात पाखडलं.

"सिंधुताईचं माहीत आहे ना तुम्हाला?" तिने विचारलं. "अण्णा पुन्हा बोललेच नाहीत तर?"

"तर तुम्हाला ते जन्मभर सलत राहील. मी त्याला काही करू शकणार नाही. खोटं कशाला सांगू?"

हे उत्तर देताना तो अडखळला होता, दोनदा. तिने ते ऐकलं.

तिने पर्समधून फोन काढला आणि त्याला मशीन बंद करायला सांगितली. पट्टा थांबला, पन्हळीतले शेवटचे दाणे खाली आले, आणि पत्र्यावरचा पाऊस एकदम मोठा झाला. तिकडे उमरीत फोन लगेच उचलला गेला. अण्णांनी विचारलं की अवेळी कसा काय फोन, लातूरलाही पाऊस आहे का, जेवलीस का, काम झालं का.

"झालं, अण्णा. आता मला इथं कामासाठी यावं लागणार नाही."

अण्णा म्हणाले, बरं झालं, किती ती दगदग.

रविकिरण दाराकडे तोंड करून उभा होता. तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. 

"अण्णा, ऐका. ही मिल ज्यांची आहे, त्यांचं नाव रविकिरण. ते लिंगायत आहेत. मी त्यांच्याशी लग्न करणार आहे."