टिटवीचा तुकडा

हसू नका, आधी ऐका. दिवा जरा पुढं ओढा. घाबरल्यावर तुमची तोंडं कशी होतात ते मला नीट दिसलं पाहिजे.

मी नरहर, काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्याचा. शाळा सातवीत सोडली, लोकांना घाबरवणं अजून सोडलेलं नाही. आमची पुतणी बकुळ मात्र हुशार निघाली. शेतीच्या नव्या म्युझियमसाठी तिनं ट्रॅक्टर मांडला. सीटवर बसायचं, स्टिअरिंग फिरवायचं, की समोरच्या पडद्यावर शेत नांगरलं जातं. सीट आणि बाजूचं मडगार्ड खरं, तिच्या बापाच्या ट्रॅक्टरचं. दिनानाथदादा, माझा थोरला भाऊ, जन्मभर सरकारी फार्मवर ट्रॅक्टर चालवायचा. मागच्या थंडीत गेला.

उद्या उद्घाटन आणि ट्रॅक्टर हलेना! कुणीही बसा, सीटला कळतच नव्हतं. संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो, तर बाईसाहेब वायरींच्या गुंत्यात, डोळे लाल.

"काका, नाही चाललं तर म्युझियमवाले काम दिल्लीच्या कंपनीला देणार. बाबांची सीट कबाडात जाईल."

"आधी दोन घास खा. रडायला उद्या अख्खा दिवस आहे."

तेवढ्यात बत्ती गुल. बाहेर गंगेवरचं धुकं, आत ओल्या रंगाचा वास. असली संधी मी सोडतो होय? डबा छातीशी धरून गुपचूप पडद्यामागं सरकलो. घसा खाकरायचा आणि भूत व्हायचं, एवढंच बाकी होतं.

आणि… धक्… धक्… धक्…

पडदा उजळला.

"काका," बकुळ हळूच म्हणाली, "चालू कसा केलात? उतरू नका हं… तसेच बसा."

"अगं, मी इथं मागं आहे…"

डोकावलो. सीट रिकामी. पण खालची स्प्रिंग दबलेली, माणूस बसल्यावर दबते तशी. डिझेलचा वास, त्यात दादाच्या सुरती तंबाखूचा. स्टिअरिंग आपसूक फिरत होतं, पडद्यावर काळी माती उलटत होती. बांधाजवळ ते थबकलं. थोडी जागा सोडून वळसा घेतला.

"टिटवी…" बकुळ पुटपुटली.

टिटवीनं शेतात अंडी घातली की दादा तेवढा तुकडा नांगरायचा नाही. साहेब कितीही ओरडोत. छोटी बकुळ मडगार्डवर बसून त्याला जागा दाखवायची.

ती उठली आणि मडगार्डवर जाऊन बसली. अगदी तशीच, पाय हलवत. भूत व्हायला निघालेल्या माझे मात्र दात वाजत होते.

"दादा," मी म्हटलं, "पोरीचं काम तेवढं करून जा रे… मग हवं तर मला घाबरव."

स्प्रिंग सावकाश वर आली. बत्ती आली.

तेव्हापासून ट्रॅक्टर कुणीही बसलं तरी चालतो. पोरांची रांग लागते. फक्त तो तुकडा कुणाच्याच हातून नांगरला जात नाही. इंजिनिअर शोधून दमला. मी त्याला चहा पाजला आणि घरी धाडलं.

काल पुन्हा गेलो होतो. पडद्यावर त्या तुकड्यात हिरवं उगवलंय.

बकुळनं माझा हात घट्ट धरला. "काका… प्रोग्रॅममध्ये मी फक्त नांगरणं घातलंय. उगवणं मी घातलेलंच नाही."