दर शनिवारी मरणारी राणी

मेलेल्या माणसाने एकदाच मरावं, एवढीसुद्धा रीत त्या पोरीला कळू नये, अशी कोंडाबाईची तक्रार होती. लहानपणापासून ही अशीच. हाका मारून घसा कोरडा पडला तरी यायची नाही, आणि नको त्या वेळी दत्त म्हणून दारात उभी राहायची. आता मरून आठ वर्षं झाली, तरी दर शनिवारी दिवेलागणीला घरोघरच्या भिंतीवरच्या पडद्यावर हजर. गाडीत बसायची, घाटात जायची, दरीत कोसळायची. पुढच्या शनिवारी पुन्हा वेणीफणी करून तयार!

"चव्हाट्यावर मरायला हिला शिकवलं कुणी?" कोंडाबाई भिंतीकडे पाठ करून म्हणायची. "चार माणसांत पदर कसा सावरायचा ते मी शिकवलं. हे न्हाई शिकवलं."

घरात आणि गावात तिला सगळे जिजी म्हणत. शाळेशी तिचा संबंध सही करण्यापुरता. पण एखाद्या साहेबाला "बस" म्हणायची तिची तऱ्हाच अशी होती, की तो बसायचा.

ती पोरगी म्हणजे सोनवड संस्थानच्या चित्रलेखाराजे. संस्थानं जाऊन शतक उलटलं होतं, पण लोकांच्या तोंडचं 'राणीसाहेब' काही गेलं नव्हतं. जिजीसाठी मात्र ती छबू. छबूची आई बाळंतपणातच गेली आणि जिजी तिची दूधआई झाली. एका अंगाला पोटचा दौलत, दुसऱ्या अंगाला छबू, अशी दोघं एकाच पदराखाली वाढली. पुढे छबू गादीवर बसली आणि दौलत तिच्या गाडीवर ड्रायव्हर झाला. घाटात गाडी गेली तेव्हा छबू संपली. दौलत एक पाय अधू होऊन वाचला.

पहिल्या चौकशीत पोलीस म्हणाले, ड्रायव्हर प्यायला होता. दुसऱ्या चौकशीत म्हणाले, त्याला कुणीतरी फूस लावली होती. दौलतचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच: गाडी बाईसाहेब चालवत होत्या, मी शेजारी बसलो होतो. त्यावर कुणाचा विश्वास बसेना. सोनवडच्या गादीवरचं माणूस स्वतः गाडी हाकत नाही, हा घराण्याचा रिवाज. लोकांनी राणीसाहेबांना जन्मभर मागच्या सीटवरच पाहिलेलं. गाडी जळून कोळसा झालेली, दोघंही बाहेर फेकले गेलेले. कोण कुठे बसलं होतं ते सांगणार कोण?

मग माहितीपटवाले आले. कुणी म्हणे चुलत्याचा कट, कुणी म्हणे ब्रेक कापले, कुणी म्हणे चहातून काहीतरी दिलं. पण शेवटी कॅमेरा येऊन थांबायचा तो दौलतच्या तोंडावर. नवा माहितीपट लागला, की दौलतच्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडायचं. आता तिसरी चौकशी सुरू होती, आणि या खेपेला आरोप खुनाचा होता.

अशात एका दुपारी ही चौकशी करणारे निरीक्षक तांबट जिजीच्या सोप्यात येऊन बसले. बरोबर डॉ. वैखरी सोहोनी नावाच्या शास्त्रज्ञ बाई होत्या. जिजी सुपारी कातरत होती. तिने अडकित्ता खाली ठेवला नाही.

"तुम्हीच होय त्या? माझ्या पोरीला दर शनिवारी दरीत ढकलणाऱ्या?"

सोहोनीबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "आम्ही ढकलत नाही, जिजी. आम्ही फक्त बघतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. अपघाताच्या आदल्या दिवशी, जुन्या डोकेदुखीवर इलाज म्हणून, इस्पितळात राणीसाहेबांच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा घेतला होता. मेंदूत अब्जावधी पेशी असतात. कुठली पेशी कुठल्या पेशीला किती घट्ट जोडलेली आहे, त्यावरच माणसाच्या आठवणी, सवयी, हट्ट, माया हे सगळं अवलंबून असतं. ती जोडणी जशीच्या तशी संगणकात उतरवली, की जे तयार होतं त्याला शास्त्रज्ञ 'छायामन' म्हणत. छायामनाला अपघात आठवणं शक्य नव्हतं, कारण नकाशा त्याच्या आधीचा. पण त्याला ती सकाळ, तो महाल, ती गाडी, तो घाट असं हुबेहूब जग बनवून दिलं, तर ती बाई त्या दिवशी जशी वागली असेल तसंच ते वागतं. अशा प्रत्येक चाचणीला म्हणायचं 'फेरा'. छायामन एकच, पोलिसांच्या ताब्यात, मोहोरबंद. फिल्मवाले परवाना काढून, आपापला संशय घेऊन यायचे आणि फेरे करवून घ्यायचे. एका फेऱ्यात ब्रेक निकामी, दुसऱ्यात ड्रायव्हर झिंगलेला, तिसऱ्यात रस्त्यात म्हैस आडवी. त्यातलाच एक फेरा शनिवारी भिंतीवर दिसायचा.

"म्हंजे विरजण," जिजी म्हणाली. "कालचं चमचाभर ठेवायचं. दूध घातलं, की परत दही."

"अगदी तसंच!"

"आन् काय म्हणतंय तुमचं दही?"

उत्तर तांबटांनी दिलं. "फिल्मवाल्यांना फक्त कोसळणारी गाडी हवी असते. ते गाडी घाटात शिरल्यापासून बघतात, आणि कुणाला कुठे बसवायचं तेही तेच ठरवतात. आम्ही सकाळपासून बघितलं, कुणाला कुठेही न बसवता. प्रत्येक फेऱ्यात राणीसाहेब पायथ्याशी गाडी थांबवतात आणि दौलतकडून चावी मागून घेतात."

अडकित्ता थांबला.

"म्हंजे माझं पोरगं खरं बोलतंय."

"आठ वर्षं खरं बोलतंय, जिजी. पण कोर्टाला ते पटायचं, तर छायामन हे राणीसाहेबांचंच मन आहे, नुसती नक्कल नव्हे, हे सिद्ध व्हावं लागतं. ओळखपरेडीत साक्षीदार आरोपीच्या खांद्यावर हात ठेवतो ना, तसं. त्या माणसाला तान्हेपणापासून ओळखणाऱ्या कुणीतरी त्याच्याशी समोरासमोर बोलायचं आणि त्याच्या तोंडावर सांगायचं, हो किंवा नाही. दौलत स्वतःच आरोपी, म्हणून तसं माणूस आता तुम्ही एकट्याच उरलात."

"मग बसलात कशाला? चला," म्हणून जिजीने पायांत चपला सरकवल्यासुद्धा.

प्रयोगशाळेच्या बाहेरच्या बाकावर दौलत बसला. कडक इस्त्रीचा सदरा, काठीवर दोन्ही हात. देवळात बसावं तसा ताठ.

"जिजी, खरं ते सांग."

"मी खोटं कधी बोलले रे?"

"न्हाई बोललीस. म्हणून तर मला भ्या न्हाई."

आत सोहोनीबाईंनी तिला मोठ्या काचेसमोर खुर्ची दिली. काच अजून काळी होती. बाहेरच्या बाजूला दाराच्या काचेतून दौलतची पाठ दिसत होती. जिजी खुर्चीत टेकली आणि घरी असताना राहून गेलेला प्रश्न तिने आता विचारला.

"दरीत पडताना तिला दुखतं का?"

"आपल्याला ज्या खुणा दिसतात, त्या... हो, दुखण्याच्याच असतात. पण काळजी करू नका. फेरा संपला, की सगळं पुसून पहिल्यासारखं करतो. तिला काहीही आठवत नाही. तिच्यासाठी दर वेळी पहिलीच वेळ असते."

जिजी बसल्या जागी त्यांच्याकडे वळली.

"म्हंजे दर वेळी पहिल्यांदाच भिते ती. अहो बाई, मारकुट्या नवऱ्याची बायकूसुद्धा काही दिवसांनी निबर होते. तुम्ही तिला तेवढंही होऊ देत न्हाई?"

सोहोनीबाई हातातले कागद नीट करू लागल्या.

"किती वेळा पडली?"

"मोजदाद ठेवलेली नाही, जिजी. पूर्वी यंत्रं मंद होती. आता एका दुपारी शेकडो फेरे होतात."

"आन् मी हो म्हटल्यावर?"

"मग ती पुरावा झाली. खटला संपेपर्यंत, पुढे अपिलं संपेपर्यंत जपून ठेवायची. दोन्ही बाजूंच्या वकिलांना तपासायचा हक्क राहील."

"तपासायचा म्हंजे घाटात धाडायचा."

"...हो. फिल्मवाल्यांचे परवानेही चालू राहतील."

"आन् न्हाई म्हटलं तर?"

"तर ती नुसती नक्कल. मेलेल्या माणसाची नक्कल बाळगायला कायद्याने बंदी आहे. आजच पुसून टाकावी लागेल, कायमची. मग तिने दौलतबद्दल जे दाखवलं, तेही त्याबरोबर गेलं."

तांबट मध्येच हसून म्हणाले, "नाही म्हणायचा प्रश्नच कुठे येतोय, जिजी? सुरू करा, मॅडम."

काच उजळली. सोनवडचा न्याहारीचा दिवाणखाना. खिडकीशी छबू बसलेली, ओले केस पाठीवर सोडलेले. तिच्या टेबलावरच्या फोनवर जिजीचा चेहरा दिसत असणार, कारण ती एकदम पुढे वाकली.

"जिजी! अगं, केस कुणाच्या चुलीत घातलेस? परवा तर निम्मे काळे होते!"

जिजीच्या तोंडून आपोआप गेलं, "तुझ्या काळजीनं झाले."

"आता काय केलं मी?"

"जेव आधी. थालीपीठ गार होतंय."

ती पहिला घास कसा मोडते, हे बघायलाच जिजी आली होती. सोनवडकडे रीत आहे, दूधआई जिवंत असेतो लेकराने पहिला घास तिच्या नावाने बाजूला काढायचा. पण गादीवर बसल्यावर चाकराच्या नावचा घास काढायचा, म्हणजे भाऊबंद नावं ठेवणार. तेव्हापासून छबू तो घास लोण्याच्या वाटीआड लपवायची. ताट उचलायला जिजीच जायची आणि स्वयंपाकघरात जाऊन तो घास खायची. या गोष्टीवर दोघी आयुष्यात एक शब्दही बोलल्या नव्हत्या. दौलतलासुद्धा ती ठाऊक नव्हती.

छबूने थालीपीठाचा कोर मोडला. डोळे फोनवरच, बोलणं चालूच, आणि बोटांनी तो कोर हळूच वाटीआड सरकवला.

जिजीने खुर्चीचा हात घट्ट धरला. तांबटांच्या काही ध्यानात आलं नाही. सोहोनीबाईंच्याही नाही.

"डोकं दुखतंय का?" जिजीने विचारलं.

"नाही गं. काल त्या यंत्रात घातलं होतं, आज बरंय." छबू थांबली आणि पोटावर हात ठेवला. "पण सकाळपासून इथे खड्डा पडलाय बघ. परीक्षेला जाताना पडायचा तसा. उगीचच. काहीतरी होऊन गेलंय आणि मला कुणी सांगत नाहीये, असं वाटतंय."

जिजीने मान वळवून सोहोनीबाईंकडे पाहिलं. बाईंचा रंग उतरला होता. हे त्यांनी कुठल्याही फेऱ्यात ऐकलं नव्हतं. पण न्याहारीच्या वेळी तिला कसं वाटतंय असं कुठल्या फेऱ्यात कुणी विचारलंही नव्हतं.

"आज घरी ऱ्हा," जिजी म्हणाली.

"छे! देवीला जायचंय. आणि ऐक, कुणाला सांगू नकोस हं. पायथ्याशी दौलतकडून चावी घेणारे मी. तो नाही म्हणतो, पण मी तोंड बारीक केलं की विरघळतो."

तांबटांनी हवेत मूठ आवळली.

"नगं चालवू."

"जन्मभर मागच्याच सीटवर बसू का, जिजी?"

"नगं चालवू म्हणते ना मी!"

"हो गं, हो." छबूने मान तिरपी केली. मान तिरपी करून हो म्हणाली, की ती ऐकणार नाही हे ठरलेलं. आज सांगा, उद्या सांगा, हजारदा सांगा, ती हो म्हणणार, हसणार आणि घाटात जाणार.

"जिजी," तांबट हलक्या आवाजात म्हणाले, "द्या ओळख. तिच्याकडे बघून, मोठ्याने."

"कोण बोललं?" छबूने विचारलं. "कोण आहे तुझ्याजवळ?"

जिजीने दाराकडे पाहिलं. एका बाजूला काचेत छबू होती. दुसऱ्या बाजूला दाराच्या काचेत दौलतचा इस्त्रीचा सदरा. पुन्हा दोन्ही अंगांना दोघं. तान्ही होती तेव्हा दोघं एकदमच रडायला लागायची, आणि जिजी आधी छबूला घ्यायची. राजाची पोर म्हणून नव्हे. छबूला दम निघायचा नाही, काळीनिळी पडायची. दौलत मुठी चोखत वाट बघायचा. पोटचा होता, तो समजून घेईल, असं तिने तेव्हा धरून चाललं होतं. कुणी त्याला विचारलं नव्हतं.

आजही कुणी विचारणार नव्हतं. आठ वर्षं तो वाट बघतच होता. बाहेर त्याने पाठ थोडी वळवली, अधू पाय लांब केला आणि पुन्हा ताठ बसला.

"जिजी, अशी का बघतेस?" छबूचा आवाज बारीक झाला. "मला भीती वाटतीये."

जिजी खुर्चीतून उठली. परक्या घरात शिरताना घ्यावा तसा तिने डोक्यावरून पदर घेतला. वाटीआडचा घास अजून तिथेच होता. तिने तिकडे पाहिलं नाही. पोरीच्या डोळ्यांत डोळे घालून ती, बाहेरच्या बाकापर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली:

"बाई, मी तुम्हांला वळखत न्हाई. माझी छबू मेली. एकदाच मेली. तुम्ही ती न्हवं."